पाठीच पाठी

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत पाण्याच्या पाईपसाठी चर काढायला सुरुवात झाली, तेव्हा माझ्याकडं कॅमेरा येऊन अकरा दिवस झाले होते. जुनाच निकॉन, 18-55 ची लेन्स, पट्टा थोडा उसवलेला. मी शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपचे हिशेब बघतो. तिथल्याच एका पोरानं नवीन कॅमेरा घेतला आणि हा मला हप्त्यानं दिला. पहिले दहा दिवस मी रंकाळ्यावर घालवले. सूर्यास्त, शालिनी पॅलेस, संध्यामठ, भेळेची गाडी. घरी येऊन बघितलं तर अख्ख्या कोल्हापूरनं काढलेले फोटो मीही काढलेले. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी इतके मोबाईल उभे असतात की बुडणाऱ्या सूर्यालाही लाजल्यासारखं होत असेल.

त्यामुळं दारातच खोदाई सुरू झाल्यावर बरं वाटलं. लांब जायला नको. सकाळी सात वाजता मुकादमानं चुन्यानं रेघ मारली, ब्रेकरनं वरचं डांबर फोडलं आणि सहा माणसं कुदळ, पार, खोरं घेऊन उतरली. आमच्या गल्लीत जेसीबी वळत नाही. त्यामुळं सगळं हातानंच. मी गॅलरीतनं, दारातनं, शेजारच्या कट्ट्यावरनं फोटो काढत सुटलो. दोन तासांत 143.

रात्री जेवण झाल्यावर बायकोला लॅपटॉपवर दाखवले. तिनं वीस-पंचवीस बघितले आणि भांडी घासायला उठता उठता म्हणाली, "सगळ्या पाठीच पाठी हायत की वो. माणसं कुठायत?"

खरंच होतं. वाकलेल्या पाठी, डोक्याला गुंडाळलेले टॉवेल, घामानं अंगाला चिकटलेले शर्ट. तोंड कुणाचंच नाही. कुदळ एक तर जमिनीत गेलेली किंवा फ्रेमच्या बाहेर. आणि माती? भर उन्हात काळीभोर दिसणारी माती फोटोत राखेसारखी. मला माझाच राग आला. त्याच रात्री त्यातले बहुतेक सगळे डिलीट करून टाकले. ह्या डिलीटचं पुढं काय झालं ते शेवटी येईल.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा न घेता कट्ट्यावर जाऊन बसलो. अर्धा तास नुसतं बघितलं. लांबनं बघताना वाटतं की माणूस कुदळ मारतोय, मारतोय, मारतोय. जवळनं बघितलं की कळतं, त्याला ताल आहे. कुदळ वर जाते, डोक्यावर गेली की क्षणभर थांबते. तेवढ्यात तो श्वास घेतो. मग खाली येताना जोर लावत नाही, कुदळीचं वजनच काम करतं. जोर लागतो तो माती उचकटताना, दांडा आपल्याकडं दाबताना. त्या वेळी दात आवळले जातात, मानेची शीर फुगते. आणि दर आठ-दहा घावांनंतर तो हातावर थुंकी लावतो, कंबर ताठ करतो, गल्लीच्या टोकाकडं बघतो. तोंड दिसायचं असेल तर तेव्हाच दिसतं.

म्हणजे कुदळ खाली आपटल्यावर बटण दाबलं की उशीर झालेला असतो. वर जाऊन थांबायच्या आधीच बोट अर्धं दाबून ठेवायचं. हे मला कुठल्या व्हिडिओत मिळालं नाही. कट्ट्यावर बसून मिळालं.

मातीच्या राखेचं कोडं मात्र उद्यमनगरातल्या त्याच पोरानं सोडवलं. कॅमेऱ्याच्या आतलं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. त्यामुळं फ्रेमभर काळी माती असली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवून मातीला करडी करतो. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीचं उलटं होतं, ती मळकट दिसते. उपाय सोपा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक पायरी खाली, म्हणजे उणे एकवर. तेवढ्यानं माती परत काळी झाली. मी त्या दिवशी फार खूश होतो. वर्कशॉपमध्ये तीन एंट्र्या चुकल्या.

शटरचा, म्हणजे ते किती वेळ उघडं ठेवायचं याचा, घोळ जास्त दिवस चालला. आधी मी सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवायचो. खोऱ्यातनं उडालेलं एकेक ढेकूळ हवेत टांगल्यासारखं यायचं. दिसायला भारी, पण माणूस फोटोसाठी उभा केल्यासारखा. मग एकदा चुकून शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर राहिलं. त्या फोटोत पाय घट्ट, चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट, आणि हात नि कुदळ नुसती एक रेघ. तो बघितला आणि कळलं की कामाचा वेग दाखवायचा असेल तर काहीतरी हललेलंच पाहिजे. तेव्हापासून खोदाईसाठी मी साठ ते सव्वाशेच्या मध्येच असतो. दहातले आठ फुकट जातात. जाऊ देत, फिल्म थोडीच जळते.

चौथ्या दिवशी मुकादमानं हाक मारली. "ओ पाव्हणं, वरनं काय गावतंय? खाली उतरा की."

उतरलो. चर गळ्याएवढा खोल झाला होता. आत गारवा होता, आणि मी आयुष्यभर ज्या गल्लीत राहिलो तिचा वास मला पहिल्यांदाच आला. ओली माती, गंजलेलं लोखंड आणि कुठल्यातरी जुन्या गटाराचा. मुकादम पारीच्या टोकानं भिंत दाखवायला लागला. "ह्यो वरचा डांबर. त्याच्याखाली खडी. त्याच्याखाली अजून एक डांबर, बगा. ह्येच्याखाली मुरूम. आणि ह्ये काय, विटा." एका हाताच्या अंतरात तीन रस्ते एकमेकांच्या डोक्यावर बसलेले. विटांच्या खाली एक कौलाचा तुकडा आणि त्याखाली काळी माती सुरू. मी त्या भिंतीचे फोटो काढले. माणसं नाहीत, कुदळ नाही, नुसती भिंत.

हे फोटो मी गल्लीतल्या एका निवृत्त इतिहासाच्या सरांना दाखवले. ते मला थेट टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये घेऊन गेले. मी शाळेच्या सहलीनंतर तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. पंचगंगेच्या काठावरची ब्रह्मपुरीची टेकडी आहे ना, तिथं 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. त्याच टेकडीत सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती काचेच्या कपाटात आहे. वीतभरसुद्धा नाही. रोमन जगातला समुद्राचा देव, सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठाला आला आणि मातीखाली जाऊन बसला. आपल्याकडं इतक्या जवळ असून किती जणांनी बघितलाय कोण जाणे.

सरांचा मुद्दा वेगळाच होता. उत्खनन करणारे फोटो कसे काढतात ते त्यांनी सांगितलं. आधी खड्ड्याची भिंत खुरप्यानं तासून सरळ करायची. तळ झाडून घ्यायचा, पायाचे ठसेसुद्धा ठेवायचे नाहीत. मग मोजपट्टी उभी करायची, म्हणजे बघणाऱ्याला उंची कळते. ऊन एका बाजूनं आलं तर सावल्या थर खाऊन टाकतात, म्हणून सकाळी लवकर किंवा सावली सगळीकडं सारखी असताना काढायचा. आणि माणसं फ्रेमच्या बाहेर. मी म्हणालो, "सर, खणली त्यांनीच आणि त्यांनीच बाहेर जायचं?" ते हसले. म्हणाले, "कधीकधी एखाद्या मजुराला मोजपट्टी म्हणून उभा करतात की." दुसऱ्या दिवशी मी चरात कुदळ उभी करून भिंतीचा फोटो काढला. मोजपट्टी म्हणून. मुकादमाला त्याचं फार हसू आलं. कुदळीचा फोटो काढणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला.

गल्लीतलं काम दहाव्या दिवशी संपलं. चर बुजला, माणसं गेली, आणि मला रिकामं वाटायला लागलं. मग मी कुठं कोण खणतंय ते बघत हिंडायला लागलो. एकदा ही नजर लागली की अख्खं गाव खणताना दिसतं. पंचगंगा घाटाच्या पलीकडं दोन पोरं गळाला लावायला गांडुळं काढत होती, तुटक्या चमच्यानं. धाकट्याला एक लांबलचक गांडूळ सापडलं आणि त्यानं ते थोरल्याच्या नाकासमोर धरलं. तो फोटो चांगला आला. इतका की बायकोनं भांडी ठेवून बघितला.

मग तालीम. एका मित्राच्या ओळखीनं पहाटे पाच वाजता गेलो. चपला बाहेर, हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, मातीला हात लावून तो कपाळाला, मग आत. वस्तादांची एकच अट होती, फ्लॅश मारायचा नाही. नंतर कळलं की अट नसती तरी मारू नये, कारण हवेत उडालेल्या धुळीचा एकेक कण फ्लॅशमध्ये पांढरा ठिपका होऊन बसतो. आत एकच खिडकी, वर, आणि एक पिवळा बल्ब.

मला वाटलं होतं आधी कुस्ती बघायला मिळेल. आधी खणणं होतं. पोरं लंगोट कसून हौद्यात उतरली आणि खोरी घेऊन एका कडेनं माती उकरायला लागली. कालच्या घामानं, अंगांनी दाबून बसलेली लाल माती उलथीपालथी करून भुसभुशीत करायची. ती तशी केली नाही तर पडल्यावर खांदा निखळेल. आणि तोच व्यायाम. त्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर असं काय काय मुरवलेलं असतं, त्यामुळं खोरं लागलं की वास उठतो. देवघराचा आणि स्वयंपाकघराचा मिळून एक वास. रस्त्यावरचा मजूर कुदळ वाचवत वाचवत मारतो, त्याला दिवसभर पुरायचं असतं. ही पोरं तिथंच सगळी ताकद ओतत होती. खणण्याखणण्यात एवढा फरक असेल हे मला त्या पहाटेपर्यंत माहीत नव्हतं.

सहाच्या सुमाराला खिडकीतनं उजेड तिरका आत आला आणि धुळीचा एक खांब उभा राहिला. मी घाईत लेन्स बदलली, 50 एमएम लावली, कारण तिला कमी उजेड चालतो. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, 3200 वर, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं. एक पोरगा खोरं टाकून वळला, धुळीच्या खांबात अर्धा आत, अर्धा बाहेर. चेहरा नव्हताच. पाठ होती. मी तो फोटो काढला आणि तेव्हा माझ्या काहीच लक्षात आलं नाही.

वस्ताद जाताना म्हणाले, "खासबागेतला हौदाबी असाच खणत्यात. शाहू महाराजांनी मैदान बांधलं, पण माती काय एकदा आणून भागत न्हाई. तिला रोज हात लागतो." बाहेर येऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध प्यायलो. एवढं दूध पचवायला हौदा खणावा लागतो, बटण दाबून भागत नाही, हे दुपारी हिशेब लिहिताना कळलं.

आणि लेन्स बदलल्याची शिक्षा वेगळीच. धुळीत लेन्स बदलायची नसते, हे लहान पोरालाही माहीत असतं म्हणे. पुढच्या आठवड्यात आकाशाचा फोटो काढला तर सतरा काळे ठिपके. लाल माती सेन्सरवर जाऊन बसली होती. एका दुकानात साफ करायला दिला. चार दिवसांचे बारा दिवस झाले, पैसे ठरल्यापेक्षा जास्त घेतले, आणि परत आला तेव्हा ठिपके गेले होते, पण त्यांच्या जागी एक केस होता. तो मी रबरी पंपानं फुंकून काढला. तेवढं आधीच केलं असतं तर बारा दिवस वाचले असते.

नवरात्राच्या आधी मावशीच्या गावी रताळी काढायला गेलो. उपवासाला बाजारात रताळ्यांना मागणी असते, त्यामुळं तेव्हा सगळ्यांची गडबड. आधी वेल कापून बाजूला, ते जनावरांना. मग बैलांचा नांगर सरीतनं चालतो आणि मागनं बाया कुदळी नि खुरपी घेऊन रताळी वेचत जातात. नांगरामागं बगळे. फाळानं माती उलटली की किडे उघडे पडतात, बगळे ते टिपत बैलांच्या इतक्या जवळनं चालतात की वाटतं त्यांनाही रोजगार लावलाय. मी एका बांधावर आडवा झोपून फोटो काढत होतो, तर एक आक्का म्हणाली, "ह्येला काय झालं? चक्कर आली काय?"

मावशीनं मात्र मला तासाभरानं उठवलं. "कॅमेरा ठेव तिकडं, ही कुदळ घे." घेतली. पहिल्या चार घावांत तीन रताळी चिरली. चिरलेलं रताळं टिकत नाही, बाजारात कोण घेत नाही, त्यामुळं मावशीचं तोंड बघण्यासारखं झालं. मग तिनं शिकवलं. वेलाच्या बुडख्यापासून वीतभर लांब घाव घालायचा, माती सैल करायची, पुढचं हातानं. म्हणजे कुदळ अर्धंच काम करते, बाकीचं बोटं करतात. नंतरचे माझे सगळे चांगले फोटो बोटांचे आहेत. नखांत माती गेलेली, रताळ्याभोवतीनं फिरणारी बोटं. आधी मी तिथं बघतच नव्हतो.

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट मनात राहून राहून येते. मी आयुष्यात सगळ्यात जास्त खणलं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतलं बहिणीचं घर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही तीन दिवस गाळ उपसला. खोऱ्यानं ओढायचा, पाटीत भरायचा, दारात टाकायचा. फ्रीज आडवा, गाद्या फुगून भिंतीला टेकलेल्या, भाचीच्या वह्या चिखलाच्या विटा झालेल्या. भावजी एक अक्षर बोलत नव्हते, नुसतं खोरं चालवत होते. मोबाईल माझ्या खिशात होता. तीन दिवसांत एकही फोटो काढला नाही. सुचलंच नाही म्हणा, किंवा हात रिकामा नव्हता म्हणा. आता डोळ्यांसमोर काय येतं म्हणाल तर भावजींची पाठ. बनियन चिखलानं भरलेलं, आणि मध्ये मणक्याच्या रेघेत घामानं धुतलेली एक पांढरी पट्टी. त्या वेळी ते एकदाही माझ्याकडं वळले नव्हते.

दिवाळीत ठरवलं की ज्यांचे ज्यांचे फोटो काढले त्यांना छापून द्यायचे. हे सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. प्रत्येक जण विचारतो, "फोटू कुठाय?" आणि आपण "पाठवतो की" म्हणून निघून येतो. निम्म्या लोकांकडं पाठवायला नंबरच नसतो. 4 बाय 6 च्या साईजमध्ये साठ प्रिंट काढले. वस्तादांना दिले, त्यांनी ते आरशाच्या चौकटीत खोवले. मावशीनं बोटांचा फोटो बघून विचारलं, "एवढा पैसा घालून नखं कशाला छापलीस?" गांडुळाची पोरं काही सापडली नाहीत. त्यांचा फोटो अजून माझ्या पाकिटात आहे.

गल्लीतली खोदाईची माणसं शोधायला मात्र वेळ लागला. विजापूरकडची होती, काम असेल तिकडं जाणारी. शेवटी एका रविवारी कसबा बावड्याच्या रस्त्याला तोच चुन्याचा पट्टा, तोच मुकादम दिसला. मी गाडी लावली, पाकीट काढलं. जेवणाची वेळ होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. हात पुसून सगळे भोवती जमले.

मी निवडून निवडून चेहऱ्यांचे फोटो आणले होते. कंबर ताठ करून गल्लीच्या टोकाकडं बघणारे, पाणी पिणारे, हसणारे. त्यांनी ते बघितले, "बरं हाय" म्हणाले, एकमेकांना दिले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जरा थंडच. मग खाली एक प्रिंट निघाला जो मी निवडला नव्हता. पहिल्या दिवशीचे जे थोडे फोटो डिलीट करायचे राहिले होते, त्यातला एक स्टुडिओवाल्यानं चुकून छापला होता. गॅलरीतनं काढलेला. चार वाकलेल्या पाठी, चार टॉवेल.

आणि तिथं गलका झाला. "ह्यो मी!" "तू कुठला, तू तिकडचा. ह्यो मी." मी विचारलं, कसं ओळखलं? एकानं निळ्या शर्टाच्या खांद्यावर बोट ठेवलं. तिथं हिरव्या कापडाचं ठिगळ होतं. "बायकोनं लावल्यालं हाय. हिरवा दोरा, हिरवं कापड. तिला म्हटलं, निळं न्हवतं काय घरात?" दुसऱ्याची पाठ डावीकडं झुकलेली, लहानपणी झाडावरनं पडला होता. तिसऱ्याला टॉवेलच्या गाठीवरनं. चौथा आता त्यांच्यात नव्हता, गावी गेला होता. त्याचं नाव सगळ्यांनी एकदम घेतलं. चौघांच्या चार पाठी, आणि एकाचीही ओळख चुकली नाही.

मुकादम प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "असलंच अजून हायत काय वो? त्या दिवशी तुमी लई काढालता की."

मी "बघतो" म्हणालो आणि घरी आलो. कॅमेऱ्याचं ते मेमरी कार्ड कपाटात होतं, पण त्याच्यावर नंतर तालीम आणि रताळी दोन्ही लिहून झाली होती. उद्यमनगरातल्या पोरानं डिलीट झालेले फोटो परत काढायचं एक सॉफ्टवेअर लावलं. ज्या जागेवर नवीन फोटो बसले ते गेले, बाकीचे निघू शकतात, असं त्यानं सांगितलं. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. सकाळी सहा वाजता बघितलं तर 39 परत आले होते. त्यातले काही अर्धे होते, वर पाठ आणि खाली करडा पट्टा. बायको चहा घेऊन आली, खुर्ची ओढून शेजारी बसली, आणि आम्ही दोघं हिरव्या ठिगळाचा निळा शर्ट शोधायला लागलो.